निरीक्षकांनी बोलू नये

६ जानेवारी, सोमवार

जिंकले मी. डॉक्टरसाहेबांच्या तोंडावर जिंकले, तरी घरी येईपर्यंत राग उतरला नव्हता. जिंकल्यावरही राग राहतो, हे मला माहीत नव्हतं.

वस्तीतल्या घरभेटींच्या परीक्षेचे नियम आज मंजूर झाले. परीक्षा तशी साधी. वैद्यकीयचा एक, फिजिओथेरपीचा एक, फार्मसीची एक आणि आमच्या नर्सिंगची एक अशी चार मुलं मिळून दर बुधवारी एकाच घरी जातात, एकच रुग्ण बघतात. स्वतःच्या विषयात कोण किती हुशार, याला गुण नाहीत. एकमेकांना काय विचारलं, एकमेकांकडून काय शिकले, याला आहेत. बघायला आम्ही तिघं शिक्षक: डॉक्टरसाहेब, फिजिओथेरपीचे सर आणि मी.

गेल्या वर्षी काय व्हायचं? भेट संपली की जिना उतरता उतरता साहेब म्हणायचे, “आपला डॉक्टर चमकला बुवा आज.” सर मान डोलवायचे. वरच्या मजल्यावर मनात धरलेले गुण तळमजल्यापर्यंत बदललेले असायचे. माझ्या मुली सालाबादप्रमाणे शेवटच्या. “नर्सिंगच्या मुली कामसू असतात” एवढं प्रशस्तिपत्र, जणू कुणी सून पसंत करतंय.

म्हणून मी भांडले. भेट चालू असताना निरीक्षकांनी बोलू नये, खुणावू नये, मदत करू नये. गुण देऊन होईपर्यंत आपसात चर्चा करू नये. आणि डोळ्यांसमोर घडेल तेवढंच मोजावं, मागाहून कानावर आलेल्याला गुण नाहीत.

साहेब म्हणाले, “बाई, तुम्ही आमच्या तोंडाला कुलूप लावणार तर.”

“किल्ली तुमच्याकडेच राहील, साहेब. तासभर फक्त खिशात ठेवा.”

सगळे हसले. साहेबही हसले. त्यांचं ते मोठ्या मनाचं हसणं मला सगळ्यात जास्त झोंबतं.

१५ जानेवारी, बुधवार

पहिली भेट. चौथा मजला, अंधारा जिना, खोली एकच पण टापटीप. खिडकीतून समोरच्या पत्र्यावर कुणाचे तरी धुतलेले बूट दिसत होते. पलंग खिडकीशी ओढून घेतलेला, म्हणजे पडल्या पडल्या रस्ता दिसावा. रुग्ण शहरबसचे निवृत्त ड्रायव्हर. पक्षाघाताने उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. आम्ही सात जण दाराशी दाटीवाटीने उभे राहिलो तर म्हणाले, “पुढे सरका... पुढे जागा... रिकामी आहे.” शब्द ओढत ओढत आले, पण विनोद वेळेवर आला. मग म्हणाले, “हे वाक्य कंडक्टरचं. जन्मभर... पाठीमागून ऐकलं.”

मला आवडले ड्रायव्हरकाका. लेक त्यांचं सगळं बघते. ती बेकरीत कामाला आहे, पहाटे जाते आणि दुपारी येते. कोपराच्या वळीत पीठ तसंच राहिलेलं. शेजाऱ्यांकडून खुर्च्या मागून आणून तिने आम्हा तिघांना भिंतीशी ओळीने बसवलं. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसारखे आम्ही बसलो.

आता मुलांबद्दल. नावं लिहायची नाहीत असं ठरलंय, म्हणून माझी टोपणनावं. वैद्यकीयचा तो ‘टाय’, कारण वस्तीत येतानाही टाय सुटत नाही. फिजिओथेरपीचा ‘स्प्रिंग’, एका जागी उभा राहील तर शपथ. फार्मसीची ‘झोळी’, खांद्याला एवढं मोठं बोचकं. आणि आमची ‘घुमी’. घुमीचे हात सोन्याचे आहेत. तोंड उघडायचं म्हटलं की मात्र घोडं अडतं.

टायने रक्तदाब घेतला. स्प्रिंगने काकांना उठवून बसवलं, पावलं टाकायला लावली. घुमीने पाठ, टाचा, कोपर नीट पाहिले, कुठे जखम नाही ना. झोळीने गोळ्या तपासल्या आणि दुपारची गोळी राहिलीय म्हणून तिथेच द्यायला लावली. “पूर्ण ग्लासभर पाण्याबरोबर द्यायची हं, ताई. थोड्या पाण्याने घशात अडकते.” लेकीने ग्लास भरून आणला.

काका प्यायले आणि ठसका लागला. मोठा नाही. दोन-तीन वेळा खोकले आणि म्हणाले, “चुकीच्या... लेनमध्ये गेलं.” सगळे हसले. पण त्यानंतर त्यांचा आवाज बदलला होता. ओला झाला होता, घशात पाणी बुडबुडावं तसा. पक्षाघाताच्या माणसाचा आवाज पाणी प्यायल्यावर असा झाला की समजावं, गिळलेलं सरळ पोटात जात नाहीये, थोडं फुप्फुसाच्या वाटेने चाललंय. हे दुसऱ्या वर्षाला शिकवतो आम्ही. चारही शाखांना शिकवतात.

मी वाट पाहिली. हाच तर क्षण. एकाने दुसऱ्याला विचारायचं, “तू ऐकलंस का?” एवढंच. त्यासाठीच तर ही सगळी उठाठेव.

कुणी नाही विचारलं. टायने रक्तदाबाचं यंत्र गुंडाळलं. स्प्रिंग खिडकीतून खाली बघत होता. घुमीने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली आणि कागदावर लिहू लागले. इथे मदत मिळणार नाही, हे तिला कळायलाच हवं.

चौघांचेही गुण कापले. घुमीचे सगळ्यात जास्त, कारण मला खात्री आहे की तिने ऐकलं होतं. माझी विद्यार्थिनी म्हणून तिला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणायला नको.

जिना उतरताना सर काहीतरी बोलायला आले होते. मी ओठांवर बोट ठेवलं. निमूटपणे पुढे गेले बिचारे.

१६ जानेवारी, गुरुवार

राग काही जात नाही. चार मुलं, चार पुस्तकं, आणि एकाच्या तोंडून एक शब्द नाही. आपापल्या कुंपणात चरणारी गुरं नुसती.

घरी आल्यावर नवऱ्याशीही बोलले नाही. त्याचा काही दोष नव्हता. तो चष्म्याचं दुकान बंद करून आला, माझ्याकडे बघून स्वतःच कुकर लावला आणि म्हणाला, “तुझ्या अबोल्यात मी नापास, एवढं कळलं. विषय कुठला होता तेवढं सांग, म्हणजे पुढच्या वेळी अभ्यास करून येतो.”

हसू आलं, तरी सांगितलं नाही. नियम म्हणजे नियम. गुणांबद्दल कुठे बोलायचं नाही.

झोपताना मात्र मनात आलं, उद्या काकांच्या लेकीला फोन करावा का? मग वाटलं, पुढच्या बुधवारी मुलं जाणारच आहेत. आज मी फोन केला तर परीक्षेला अर्थ काय राहिला? एका आठवड्याचा तर प्रश्न.

२२ जानेवारी, बुधवार

दाराला कुलूप. शेजारीणबाई म्हणाल्या, “त्यांना परवा रात्री नेलं. ताप होता, धाप लागली होती. तुम्ही दवाखान्याचीच माणसं ना? तुम्हाला माहीत नाही?”

साहेब घड्याळ बघत होते. मुलं भिंतीला टेकून उभी. टाय टायशी खेळत होता. त्याची ती गाठ धरून जोरात ओढावीशी वाटली मला. शिक्षिकेला असलं काही वाटू नये, पण वाटलं.

इस्पितळात फोन लावला. न्यूमोनिया. उजवं फुप्फुस. प्राणवायू लावलाय, नाकातून नळी घातलीय.

चौघांपैकी एकाने जरी तोंड उघडलं असतं तर!

२३ जानेवारी, गुरुवार

घुमीला खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं. रागावणार होते, त्याप्रमाणे रागावले.

“तू ऐकला होतास ना त्यांचा आवाज?”

“हो, मॅडम.”

“मग? दातखीळ बसली होती का?”

ती टेबलाकडे बघत म्हणाली, “आम्ही बोललो होतो, मॅडम.”

“कधी? मी तिथेच बसले होते.”

“जिन्यात. तुम्ही पुढे गेल्यावर. मी म्हणाले, आवाज ओला वाटला. स्प्रिंग...” तिने अर्थात सगळ्यांची खरी नावं घेतली, टोपणनावं माझी, “तो म्हणाला, बसवताना मानही मागे गेली होती. मग झोळी रडायलाच लागली, म्हणाली, मी ग्लासभर पाणी द्यायला लावलं. सगळं जुळलं आमचं. खरंच, मॅडम, मला पहिल्यांदा कळलं की गोळ्या आणि गिळणं यांचा असा संबंध असतो.”

“मग परत वर का नाही गेलात? चार तर मजले.”

आता ती रडू लागली. “टाय म्हणाला, पुढच्या बुधवारी बोलू. निरीक्षकांसमोर. जिन्यात बोललेलं मोजत नाहीत. समोर घडेल तेवढंच मोजतात.”

मी पाण्याची बाटली तिच्यापुढे सरकवली. तिने घेतली नाही.

“आम्ही तालीमसुद्धा केली होती,” ती म्हणाली. “कोणी आधी विचारायचं, कोणी मग.”

जाताना दारात थांबली. “मी तुमच्याकडे बघितलं होतं, मॅडम. तुम्ही लिहायला लागलात. मला वाटलं, तुम्ही लिहून घेतलं. म्हणजे आता कुणीतरी बघेल.”

उद्धट झालीय. पूर्वी अशी बोलायची नाही.

२७ जानेवारी, सोमवार

बैठक. साहेबांनी सुरुवातच केली, “चौघंही नापास. पूर्ण सत्र पुन्हा करू देत. रुग्णाचा जीव धोक्यात आणला.”

घुमीचं सत्र गेलं तर वर्ष गेलं. तिच्या बरोबरच्या जूनमध्ये कामाला लागतील आणि ही पुन्हा या बाकावर. मी म्हणाले, “मुलं तो ओला आवाज ऐकून गप्प राहिली म्हणून नापास म्हणता. तुम्ही ऐकलं होतं का?”

“अर्थात ऐकलं. मी काय बहिरा आहे?”

“आणि सर, तुम्ही?”

सर चष्मा पुसत होते. “मी जिन्यात तेच सांगायला आलो होतो तुम्हाला,” ते हळूच म्हणाले. “तुम्ही गप्प केलंत.”



साहेब माझ्याकडे वळले. आज ते हसत नव्हते. “मला तिथल्या तिथे उठावंसं वाटलं होतं, बाई. तीस वर्षांची सवय आहे. पण म्हटलं, मी तोंड उघडलं तर पुन्हा ऐकायला मिळेल, साहेबांना राहवत नाही, साहेब सगळीकडे पुढे पुढे करतात.”

“नियम मोडायचा होता.”

“तुम्ही मोडू दिला असता?”

राग कशाचा येतो? समोरचा खोटं बोलला तर येतो, हे मला आजवर माहीत होतं. तो खरं बोलला तर किती येतो, ते आज कळलं. पण हा माणूस वर्षानुवर्षं जिन्यात बोलला नसता तर मला असला नियम करावा लागला असता का? ते कुणी विचारणार नाही.

शेवटी साहेबांनीच वाट काढली. मुलांना सरासरी गुण देऊन पास करायचं. आम्ही काय ऐकलं, काय नाही, ते या खोलीबाहेर जाणार नाही. “पक्षाघातानंतर न्यूमोनिया होतोच पुष्कळांना. ड्रायव्हरच्या त्या मुलीच्या डोक्यात कशाला भलतंसलतं घालायचं? तिलाच त्रास.”

सर म्हणाले, “हं.”

घुमी पास झाली. मी सही केली.

२८ जानेवारी, मंगळवार

नवऱ्याला सगळं सांगितलं. नियम वगैरे गेले खड्ड्यात. तो ऐकत राहिला. मध्ये एकदाही विनोद केला नाही, म्हणून जास्तच भीती वाटली.

शेवटी म्हणाला, “काकांच्या मुलीला कोण सांगणार?”

“सांगायचं नाही असं ठरलंय.”

“कुणाचं ठरलंय?”

मी उठून भांडी घासायला घेतली. घासलेलीच होती.

१ फेब्रुवारी, शनिवार

काका शुद्धीत आहेत. प्राणवायू काढला, नळी अजून आहे. मी वॉर्डातल्या सिस्टरकडून रोज विचारून घेते. ती माझी जुनी विद्यार्थिनी. परवा म्हणाली, “मॅडम, एवढं आहे तर या ना भेटायला.”

गेले नाही. काय तोंड घेऊन जाऊ? गेले आणि सांगितलं नाही तर ते खोटं. सांगितलं तर साहेब आणि सर दोघांचा शब्द मोडला. मुलांचे गुणही पुन्हा उकरले जातील. घुमीचं वर्ष.

घुमी मला बघून वाट बदलते. पास झाली तरी.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज गेले.

दुपारची वेळ. वॉर्डाबाहेरच्या बाकावर लेक बसली होती, कामावरून थेट आलेली. मला ओळखलं. उठायला लागली तर मी खांद्यावर हात ठेवून बसवलं आणि शेजारी बसले. नळी सकाळीच काढली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तोंडाने हळूहळू सुरू करा. ती तेवढ्यानेच घाबरली होती. मांडीवर पाण्याची बाटली, दोन्ही हातांनी धरलेली.

मी वाटेत वाक्यं ठरवली होती. एकही आठवलं नाही. म्हणाले, “त्या दिवशी गोळी घेताना तुझ्या वडिलांना ठसका लागला. नंतर आवाज बदलला. मी ऐकलं होतं. त्याचा अर्थ मला माहीत होता. मी सांगितलं नाही.”

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. बाटलीचं झाकण फिरवत राहिली.

“का?” म्हणाली.

“मुलांची परीक्षा होती. आम्ही बोलायचं नाही असा नियम होता. मीच केलेला.”

समोरून कुणीतरी चाकांची खुर्ची नेली. लेकीने पाय आत घेतले. मला वाटलं, आता ओरडेल. तिने ओरडावं असं वाटत होतं. ओरडली असती तर मी निदान मान खाली घालून ऐकून घेतलं असतं.

“बाई,” ती म्हणाली, “मी त्यांना पाणी चमच्याने द्यायचे. पहिल्यापासून. कुणी सांगितलं नव्हतं, पण मला दिसायचं ना, घाईने दिलं की ठसका लागतो. चमच्याने द्यायचे, मान पुढे धरून. बाबा वैतागायचे, म्हणायचे, मी काय चिमणीचं पिल्लू आहे का.”

मी तिच्याकडे वळून बसले.

“त्या दिवशी ती पोरगी म्हणाली, ग्लासभर द्या. मी तुमच्याकडे बघितलं. तिघांकडेही बघितलं. तुम्ही मोठी माणसं, तिचे मास्तर. ती चुकली असती तर तुम्ही टोकलं असतं, नाही का? तुम्ही शांत होतात. मला वाटलं, म्हणजे मीच उगीच घाबरत होते.” झाकण थांबलं. “तेव्हापासून मी ग्लासनेच द्यायला लागले. रोज. ठसका लागला तरी. म्हटलं, तिघांच्या तिघांनी बघितलंय.”

इतके दिवस मी रागावले होते. साहेबांवर, सरांवर, टायवर, घुमीवरही. तो सगळा राग त्या बाकावर कुणाकडे न्यावा ते कळेना. मी म्हणाले, “तू तक्रार कर. मी सांगेन, मी होते म्हणून. लिहून देईन.”

“करेन की नाही ते बघू मग. ते माझं मी ठरवीन.” ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. डोळे कोरडे होते. “आत्ता ते आत तहानलेले आहेत. हे पाणी कसं द्यायचं ते सांगा. चमच्याने देऊ? किती देऊ? बसवून देऊ की उशी लावून? आणि गोळ्या?”

वीस वर्षं शिकवतेय. ओठांवर उत्तर आलंच होतं. एखाद्या मुलीने वर्गात विचारलं असतं तर फळ्यावर लिहून मोकळी झाले असते. पण या माणसाच्या घशात आता नेमकी किती ताकद उरली आहे, मान कुठे धरली तर पाणी नीट जाईल, कुठली गोळी चुरून चालेल आणि कुठली नाही, यातलं निम्मं मला माहीत नव्हतं.

“थोडी थांब,” मी म्हणाले. “मला पूर्ण माहीत नाही. विचारते.”

सरांना फोन लावला. बैठकीनंतर आम्ही बोललो नव्हतो. त्यांनी लगेच उचलला.

“सर, मी वॉर्डाबाहेर आहे. ड्रायव्हरकाकांच्या मुलीजवळ. तिला सांगितलं मी. सगळं.”

ते म्हणाले, “बरं केलंत.” आणि मग, “त्यांना पाणी दिलं का अजून? देऊ नका. मान कशी राहते ते मला बघू दे आधी. मी निघतो. गिळण्याच्या तपासणीच्या बाईंना पण घेऊन येतो. आणि बाई, गोळ्यांचं फार्मसीला विचारावं लागेल, ते मला येत नाही.”

“मलाही नाही,” मी म्हणाले.

लेक माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. तिने हात पुढे करून माझा फोन कानापासून खाली ओढला आणि आम्हा दोघींच्या मध्ये बाकावर ठेवला.

“स्पीकरवर टाका,” ती म्हणाली. “जे काय बोलायचं ते माझ्यासमोर बोला.”